‘पिस्तुल्या’ पाहिल्यावर
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



करमाळा तालुक्यातील जेऊरचे नागराज मंजुळे यांनी ‘पिस्तुल्या’ हा जेमतेम पाव तासाचा लघुपट काढला. २०१० सालच्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत दिग्दर्शकाच्या पहिल्या नॉन-फीचर चित्रपटाचे पारितोषिक त्यास मिळाले. गोष्ट एका मुलाची. त्याला शाळेची ओढ, पण घरची गरिबी त्याला चोरी करावयास लावते.

आपल्या गंगाखेड-पाथरीकडूनही दिवाळीच्या सुमारास कुटुंबे ऊसतोडीला जातात, व मुलांची शाळा सुटते. गेल्या साली आमच्या आळीतली एक मुलगी अशीच गेली. ‘हिला माझ्याकडे ठेवा’ असे मी तिच्या आईस म्हटले नाही, हे मनाला लागून राहिले आहे.

यंदा आपल्यापैकी पाचसहा घरांनी एकेका मुलास हंगामभर घरी ठेवून शाळेत धाडावे. पहिले नाव माझे लिहा. जयहिंद.