तीन गिअरची जीप आणि तीन मिलिमीटर
(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला विषय दिला होता, ‘कृत्रिम बुद्धिमत्ता आणि उद्याचं जग’. त्यांची क्षमा मागून मी आज बाबांच्या जीपबद्दल बोलणार आहे. उद्याच्या जगाबद्दल बोलणारे पुष्कळ आहेत. त्या जीपबद्दल मीच बोलू शकते. शिवाय या सभागृहातले निम्मे लोक तिच्यात बसलेले आहेत. नववीच्या सहलीला सोमनाथच्या धबधब्यावर एका खेपेत सतरा जण गेले होते. परत येताना जीप ढकलायला उतरले, तेही सतराच.

ज्यांना आठवत नसेल त्यांच्यासाठी सांगते. धानाच्या गिरणीच्या कामासाठी बाबांनी ती जुनी जीप घेतली होती. उंच नाकाची, सीजे-३बी जातीची. अमेरिकेच्या विलीज कंपनीची ही रचना. महिंद्रांनी १९४९ मध्ये माझगावला विलीजच्या जीप जुळवायला सुरुवात केली आणि पुढे ही उंच नाकाची जीप आपल्याकडे कित्येक वर्षं बनत राहिली. पेट्रोल इंजिन सुमारे २२०० सीसीचं आणि गिअर तीन. होय, तीनच. जंगल खातं, पाटबंधारे, पोलीस, कंत्राटदार, डॉक्टर, सगळा चंद्रपूर-गडचिरोलीचा मुलूख अशा गाड्यांनी पालथा घातला आहे.

त्या तीन गिअरांतली एक गोष्ट समजून घ्या. आजच्या गाडीत गिअर बदलताना आत पितळेची एक कडी आधी घासते, दोन फिरत्या भागांचा वेग सारखा करते आणि मगच दात एकमेकांत बसतात. याला सिंक्रोमेश म्हणतात. जीपच्या दुसऱ्या-तिसऱ्या गिअरला ही सोय होती, पहिल्याला नव्हती. म्हणजे पहिला टाकायचा तर गाडी पूर्ण थांबवा. नाहीतर क्लच दाबा, न्यूट्रल करा, क्लच सोडा, थोडी रेस द्या, पुन्हा क्लच दाबा आणि मग टाका. कडीचं काम माणसानं कानानं आणि पायानं करायचं. बाबांचा गिअर कधी करकरला नाही. माझा प्रत्येक वेळी करकरायचा आणि बाबा नुसते माझ्याकडे बघायचे.

ही अडचण फक्त आपल्या जीपची नाही. इंग्लंडमधली एमजीबी ही देखणी स्पोर्ट्स कार १९६२ साली आली, तिच्याही पहिल्या गिअरला १९६७ पर्यंत सिंक्रोमेश नव्हता. आज तिकडचे हौशी लोक अशा गाड्यांत फोर्डचा किंवा माझदाचा पाच गिअरचा गिअरबॉक्स बसवतात. बाहेरून गाडी जुनी, आतून चालवायला सोपी. माझ्या डोक्यात किडा शिरला तो तिथूनच.

पण नुसता किडा पुरला नसता. तीन वर्षांपूर्वी बाबा चंद्रपूरहून एकटे येत होते. चिचपल्लीच्या पुढे, जंगलात, तिन्हीसांजेला दुसरा गिअर आपोआप निसटला आणि समोर रानडुकरांचा कळप. ब्रेकवर निभावलं. घरी येऊन त्यांनी किल्ली खुंटीला लावली आणि म्हणाले, “विकून टाक.” बाबा तेव्हा पंचाहत्तरीचे होते. ते जीपबद्दल बोलत होते की स्वतःबद्दल, हे मला कळलं नाही. मी विकली नाही.

मी म्हटलं, गिअरबॉक्स बदलू. बाबा म्हणाले, “आतडं बदललं तर गाडी तीच राहते का?”

मग मी हिशोब मांडला. आपण सगळे बाईंचे विद्यार्थी, तेव्हा तुम्हीही मांडा. मागच्या एक्सलचं प्रमाण ५.३८, म्हणजे चाकाचा एक फेरा व्हायला वरच्या गिअरात इंजिनाचे ५.३८ फेरे. चाक एका फेऱ्यात साधारण सव्वादोन मीटर जातं. ताशी ८० किलोमीटरला इंजिन मिनिटाला जवळपास ३२०० फेरे घेतं आणि आपण गिरणीच्या पट्ट्याजवळ बसलोय असं वाटतं. पाचव्या गिअरचं प्रमाण ०.८ च्या आसपास धरलं, तर तेच फेरे २५५० वर येतात. आणि खालचा पहिला गिअर जुन्यापेक्षा ताकदीचा मिळतो, म्हणजे नाल्यातून चढताना क्लच जाळावा लागत नाही. बाबांनी कागद पाहिला आणि एवढंच म्हणाले, “जुना विकायचा नाही.”

जीपच्याच घराण्यातल्या पुढच्या काळातल्या गाडीचा गिअरबॉक्स, चार चाकांना ताकद वाटणाऱ्या ट्रान्सफर केससकट, जुन्या बाजारातून आणला. आरटीओत आधी विचारून घेतलं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीतल्या बदलांबद्दल आहे, ते ज्यांना असा उद्योग करायचा त्यांनी आधी वाचावं. दिवाळीच्या सुट्टीत काम काढलं. मला वाटलं होतं, आठ दिवसांचं काम. होळी आली.

का? कारण गिअरबॉक्स बसवणं म्हणजे गिअरबॉक्स बसवणं नव्हेच. जुनं आणि नवं जिथे जिथे एकमेकांना शिवतं, ती प्रत्येक जागा नव्यानं घडवावी लागते. इंजिनाच्या आणि गिअरबॉक्सच्या बोल्टांची भोकं जुळत नाहीत, म्हणून मध्ये जाड पोलादी प्लेट. गिअरबॉक्सच्या शाफ्टचं टोक इंजिनाच्या क्रँकमध्ये ज्या बुशात फिरतं, तो बुश लेथवर नवा. क्लचप्लेटचे आतले दाते नव्या शाफ्टचे, पण बाहेरचा घेर जुन्या फ्लायव्हीलचा. नवा बॉक्स लांब, म्हणून मागचा प्रॉपेलर शाफ्ट आखूड आणि पुढचा लांब करून बॅलन्स करून आणायचा. जीपची दोन चाकांमधली लांबी जेमतेम दोन मीटर, त्यामुळे आखूड शाफ्ट तिरका होतो, त्याचा कोन सांभाळायचा. गिअरचा दांडा दुसऱ्याच जागी वर येतो, म्हणून तळपत्र्याला नवं भोक.

गेली बावीस वर्षं मी बँकांच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये नवे भाग बसवते. काम हेच आहे. नवा भाग चांगलाच असतो, जुनाही वाईट नसतो. भांडण सांध्यावर होतं. त्यामुळे मला वाटत होतं, की हे आपल्याला जमतंच. तिथेच माझी फजिती झाली.

प्लेट तयार होऊन आली. मिस्त्री आणि मी बॉक्स वर उचलला, शाफ्ट क्लचमधून आत गेला आणि शेवटच्या तीन मिलिमीटरला अडला. चारही बाजूंनी सारखी फट. मी म्हटलं, “बोल्ट आवळा, बसेल ओढून.” मिस्त्रींनी पाना खाली ठेवला. म्हणाले, “ताई, हे ओढून बसवाचं काम नोहे जी. आत काहीतरी टेकून राह्यलं.”

मी चिडले. माप मी घेतलं होतं, चित्र मी काढलं होतं, आकडेमोड दोनदा तपासली होती. इतक्यात बाबा आले. त्यांनी फट पाहिली आणि विचारलं, “माप कशानं घेतलं?” मी टेप दाखवली. त्यांनी तिच्या टोकाची पत्र्याची आकडी बोटानं हलवली. ती वाकलेली होती. एक माप मी ती टेकवून घेतलं होतं, दुसरं अडकवून. त्यामुळे चूक वजा झाली नाही, प्लेटमध्ये उतरली. प्लेट तीन मिलिमीटर पातळ झाली आणि शाफ्टचं टोक थेट क्रँकला जाऊन भिडलं. बोल्ट आवळले असते तर बॉक्स बसल्यासारखा दिसला असता, गाडी कदाचित सुरूही झाली असती, आणि थोड्याच दिवसांत क्रँकचे बेअरिंग गेले असते. ते कुठे गेले असते? बहुधा पुन्हा जंगलातच.

बाई, तुम्ही नववीत शिकवलं होतं. कोणतंही उपकरण वापरण्याआधी त्याची शून्यांक त्रुटी पाहा. परीक्षेत मला त्या प्रश्नाला पूर्ण गुण होते. व्हर्निअरचं लघुत्तम माप ०.०१ सेंटिमीटर, आजही झोपेत सांगेन. पण अभियांत्रिकीची पदवी आणि बावीस वर्षांची नोकरी झाल्यावर मी साधी टेप न तपासता मापं घेतली. पाठ होतं, पण हातात उतरलं नव्हतं. मिस्त्रींच्या हातात उतरलेलं होतं, आणि त्यांनी नववीचं तोंड पाहिलेलं नाही.

नवी प्लेट आली. या वेळी मापं व्हर्निअरनं घेतली, मिस्त्रींनी वेगळी घेतली, मी वेगळी घेतली, आणि दोघांची जुळल्यावरच लेथवाल्याकडे गेलो. बॉक्स हातानं ढकलून बसला. बोल्ट नुसते धरायला लागले.

होळीनंतरच्या रविवारी बाबा स्वतः गाडी घेऊन निघाले, मी शेजारी. सावली गेलं, व्याहाड आलं, वैनगंगेचा पूल आला. मोकळ्या रस्त्यावर त्यांनी पाचवा टाकला. इंजिनाचा आवाज खाली बसला आणि आम्ही पहिल्यांदाच त्या जीपमध्ये न ओरडता बोललो. गिअर उतरवताना मात्र ते दर वेळी दोनदा क्लच दाबत होते. मी म्हटलं, “बाबा, आता त्याची गरज नाही.” म्हणाले, “मला माहीत आहे. पायाला माहीत नाही.”

परत येताना त्यांनी एक नियम घातला, तो मी पाळते. जंगलाच्या पट्ट्यात पाचवा टाकायचा नाही. तिथला वेग गाडीनं ठरवायचा नसतो.

जुना गिअरबॉक्स तेल लावून, पोत्यात गुंडाळून गिरणीत ठेवला आहे. प्रत्येक बोल्टला चिठ्ठी बांधली आहे. एंजिन, चेसिस तेच आहेत, कुठे काही कापलेलं नाही. भोक पडलं आहे ते फक्त तळपत्र्याला, आणि जुना तळपत्राही जपून ठेवला आहे. उद्या कुणाला वाटलं तर दोन दिवसांत जीप पुन्हा तीन गिअरची होईल. बाबांच्या त्या आतड्याच्या प्रश्नाला माझ्याकडे एवढंच उत्तर आहे. त्यांनी तो पुन्हा विचारला नाही. किल्ली खुंटीवर नसते, त्यांच्या खिशात असते.

आता एक मागणं. आपल्या बॅचच्या निधीतून शाळेला नवे संगणक द्यायचं ठरलं आहे. द्यायलाच हवेत, माझं पोट त्यावरच चालतं. पण सकाळी मी प्रयोगशाळेत जाऊन आले. कपाटात व्हर्निअर दोनच उरले आहेत आणि एकाचा जबडा नीट मिटत नाही. त्याच निधीतून नवे व्हर्निअर आणि स्क्रूगेज घेऊ या, दर दोन मुलांमागे एक. आणि तो न मिटणारा टाकून देऊ नका, बाई. शून्यांक त्रुटी शिकवायला तोच लागेल.