इंजिनाचा फोटो काढताना

अर्धापूरच्या रेल्वेवेड्यांना कॅमेरा घेऊन अजून नांदेडच गाठावं लागतं. वर्धा-यवतमाळ-नांदेड मार्ग पुरा होईल तेव्हा होईल! फोटोआधी इंजिनावरची अक्षरं वाचा. डब्ल्यूडीपी-४ मधला डब्ल्यू म्हणजे ब्रॉडगेज, डी डिझेल, पी प्रवासी गाडी. डीच्या जागी ए दिसला, तर इंजिन विजेवरचं. डिझेल इंजिनं कमी होताहेत, ती आधी टिपा. सूर्य पाठीशी आणि धावत्या गाडीसाठी शटर सेकंदाच्या हजाराव्या भागावर. रुळांत उतरू नका. रेल्वे कायद्याच्या कलम १४७ नुसार सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. जुने फोटोही जपा. १८९७ साली सुरू झालेली अडीच फुटी गेजची बार्शी लाइट रेल्वे पुढे लातूरपर्यंत आली. घरच्या जुन्या अल्बममध्ये तिचा फोटो असेल, तर मागे साल आणि स्टेशन लिहून ठेवा.