रक्तप्रवाह आणि वेळेचे भान



रक्तवाहिनी गुठळीने बंद झाली, की पुढच्या अवयवाचा प्राणवायू तुटतो. परंतु प्रत्येक अवयवाची सहनशक्ती निराळी असते. रक्त पूर्णपणे थांबल्यास मेंदूच्या पेशी ४-५ मिनिटांतच मरू लागतात. हृदयाचा स्नायू सुमारे अर्ध्या तासात दगावू लागतो. हातापायांचे स्नायू साधारणतः ६ तास तग धरतात. त्यानंतर पाय गमावण्याचे भय वाढते. मूत्रपिंडाची रक्तवाहिनी हळूहळू अरुंद होत गेली, तर हानी बहुधा निमूटपणे होते.

म्हणून छातीतील कळ पित्ताची समजून, सोडा पिऊन गल्ल्यावर बसून राहणे घातक होय. घामासह छाती दाटणे, तोंड वाकडे होणे, बोबडी वळणे, एकाएकी पाय गार व फिकट पडणे ही धोक्याची लक्षणे आहेत. पक्षाघातात गुठळी विरघळविणारे इंजेक्शन साधारणतः साडेचार तासांच्या आत, तेही मेंदूत रक्तस्राव नसल्याची सी.टी. स्कॅनने खात्री करूनच देता येते. महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका विनामूल्य आहे. ती त्वरित बोलवावी, आणि चिखलीहून निघतानाच स्कॅन व इंजेक्शनची सोय कोठे आहे, हे दूरध्वनीवर विचारून घ्यावे. लक्षणे कधी सुरू झाली, ती वेळ घरच्यांनी लिहून ठेवावी. डॉक्टरांचा पहिला प्रश्न तोच असतो.