भिवंडीचा काळा दगड आणि समुद्रातला ज्वालामुखी

हेडफोन लावलेत ना? आज घरूनच बोलतोय, भिवंडीतून. मागे यंत्रमागांचा खडखडाट ऐकू येईल, तेवढा सांभाळून घ्या.

सुरुवात मावशीच्या फोनपासून करतो. २०१८च्या नोव्हेंबरपासून डहाणू-तलासरी भागात भूकंपाचे धक्के बसू लागले, आठवतंय? मावशी तिकडेच राहते. कित्येक रात्री ती पोरांना घेऊन अंगणात झोपली. एका रात्री तिचा फोन आला. "अरे, व्हॉट्सअ‍ॅपवर आलंय, वज्रेश्वरीखाली ज्वालामुखी जागा होतोय म्हणे. नाहीतर कुंडातलं पाणी गरम कशाला असेल? तुमच्याकडे यावं म्हटलं, तर वज्रेश्वरी तुमच्याच उशाला!"

मला उत्तर देता आलं नाही. अकलोली-गणेशपुरीच्या कुंडांत मी लहानपणापासून डुंबलोय. आजी सांगायची, देवीने मारलेल्या राक्षसांचं ते रक्त, म्हणून गरम. त्यापुढे मी कधी विचारलंच नव्हतं. त्या फोननंतर वाचायला लागलो.

त्या मेसेजमध्ये एक गोष्ट अर्धी खरी होती. भिवंडी खरंच ज्वालामुखीवर बसली आहे, पण विझलेल्या. आपल्या जोत्याचा काळा दगड, रस्त्याची खडी, लोनाडची लेणी ज्या कातळात कोरली तो कातळ, हा सगळा बेसॉल्ट. म्हणजे थंड झालेला लाव्हा. साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी तो बाहेर आला, आणि तोही मुख्यतः लांबच लांब भेगांमधून. एक थर थंड झाला की त्यावर दुसरा. आजही सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर जमीन या थरांखाली आहे. पावसाळ्यात माहुलीच्या डोंगराकडे बघा, कड्यावर पायऱ्या दिसतात ना? तेच हे थर.

मग तो ज्वालामुखी गेला कुठे? गंमत इथेच आहे. तो गेला नाही, आपण गेलो.

गॅसच्या ज्योतीवर पापड धरा आणि हळूहळू सरकवा. ज्योत जागच्या जागी, पण पापडावर भाजल्याची रेघ उमटते. पृथ्वीच्या पोटात अशी एक गरम जागा आहे आणि वरचं कवच म्हणजे पापड, असं बहुतेक भूवैज्ञानिक मानतात. लाव्हा वाहिला तेव्हा आपला भूभाग विषुववृत्ताच्या दक्षिणेला, त्या ज्योतीवर होता. मग तो उत्तरेकडे सरकत आला आणि मागे खुणा राहिल्या. मालदीवच्या प्रवाळाखाली ज्वालामुखीचा खडक आहे. एक कोटीहून कमी वर्षांपूर्वी मॉरिशस वर आलं. आणि आज त्या ज्योतीवर आहे रियुनियन बेट, इथून साडेचार हजार किलोमीटरहून जास्त लांब.

तिथला पितों द ला फुर्नेझ हा २,६३२ मीटर उंचीचा ज्वालामुखी जगातल्या सगळ्यात जागत्या ज्वालामुखींपैकी एक. १९७७ मध्ये त्याचा लाव्हा एका गावात शिरला, घरं गेली, पण चर्चच्या दाराशी येऊन दोन्ही बाजूंनी वळला. चर्च आजही उभं आहे. २००७च्या एप्रिलमध्ये खालचा लाव्हा निघून गेल्यावर शिखरावरच्या विवराचा तळ ३०० मीटरहून जास्त खचला.

आणि मॉरिशस? एकोणिसाव्या शतकात आपल्याकडची मराठी माणसं तिथे मजुरीला गेली. उसाची शेतं करण्यासाठी तिथल्या मजुरांनी जमिनीतले काळे दगड वेचून ढीग घातले. घरचा दगड सोडून गेले आणि त्याच ज्योतीचा दगड परत हातात आला.

आता मावशीचं उत्तर. वज्रेश्वरीचं पाणी गरम आहे, कारण पावसाचं पाणी भेगांतून खोल मुरतं. जमिनीत जितकं खोल जावं तितकं तापमान वाढतं, दर किलोमीटरला साधारण २५ ते ३० अंश. तिथे तापलेलं पाणी भेगांतूनच तानसा नदीकाठी वर येतं. खाली लाव्हा उकळत नाही. डहाणूचे धक्के म्हणजे खोलवर खडक भेगेवर सरकल्याचे. तेव्हा भीती ज्वालामुखीची नको, तडे गेलेल्या भिंतीची हवी. मी हे सांगितल्यावर मावशी एवढंच म्हणाली, "मग भिंत बघते." आणि तिने खरंच गवंडी बोलावला.

एक शेवटचं. आपल्याकडे गोदामांसाठी आणि खडीसाठी टेकड्या रोज कापल्या जातायत. माझं घरही त्याच खडीवर उभं आहे, त्यामुळे उपदेश करत नाही. पण कापलेली टेकडी दिसली तर रस्त्यावरूनच एक फोटो काढा. आडवे थर दिसतील. मध्येच एखादी उभी काळी भिंत दिसली, तर ती बहुधा भेगेतच थिजलेला लाव्हा असेल. पुढच्या वर्षी तिथे पत्र्याची शेड असेल.

फोटो मला पाठवा, आणि हा भाग तो मेसेज पाठवणाऱ्या काकांनाही पाठवा. भेटू पुढच्या भागात!