लष्करी मोटारींच्या सुट्या भागांवरील अंक

जुन्या लष्करी मोटारीचा एखादा सुटा भाग घासूनपुसून पाहिला, कीं त्यावर कांहीं अक्षरें व अंक उमटलेले दिसतात. हीच त्या वस्तूची ओळख, असें समजून पुष्कळ हौशी गृहस्थ तेवढेच टिपून बाजारांत जातात आणि फसतात. कारण एकाच वस्तूला कारखानदार एक क्रमांक देतो, लष्कराचें कोठार दुसरा. आणि ओतीव लोखंडावरचा आंकडा कित्येकदां नुसत्या ओतकामाचा असतो.

श्रोत्यांच्या परिचयाची जीपच घ्यावी. दुसऱ्या महायुद्धांत, १९४१ पासून १९४५ पर्यंत, ही गाडी विलीस व फोर्ड या दोन अमेरिकन कारखान्यांनीं एकाच आराखड्यावरून बांधली; एकीचे भाग दुसरीस बसावेत हा उद्देश होता. अंक मात्र ज्याचे त्याचे निराळे. फोर्डच्या अंकांत शिस्त आहे. 'जीपीडब्ल्यू' या अक्षरांनंतर ६,००० च्या घरांतला आंकडा आला कीं वस्तु एंजिनाची. ८,००० च्या घरांतला आला कीं रेडिएटरच्या परिवारांतली. विलीसचे 'ए' या अक्षरापुढील अंक असें कांहीं बोलत नाहींत. तेथें यादीच उघडावी लागते. फोर्डनें तर बोल्टच्या माथ्यावरही आपला वळणदार 'एफ' उठविला. आज तोच 'एफ' नव्यानें केलेल्या नकली बोल्टांवरही सांपडतो, तेव्हां त्यावर फार विसंबूं नये. आणि 'जी-५०३' हा तर कोणत्याच भागाचा क्रमांक नव्हे. ती सबंध जीपच्या भागयादीची खूण होय.

एकच बेअरिंग निरनिराळ्या खात्यांत निरनिराळ्या अंकांखालीं पडून राही. हा गोंधळ मोडण्यासाठीं १९५२ सालीं अमेरिकेंत कायदा झाला व पुढें ११ अंकी क्रमांक रूढ झाला. पहिले ४ अंक वर्ग सांगतात: २५३० म्हणजे ब्रेक, स्टिअरिंग, आंस व चाकें, ५३०६ म्हणजे बोल्ट. पुढील ७ अंकांना स्वतःचा अर्थ नाहीं, पण वस्तु ओळखविणारे तेच. १९७४ पासून मध्यें देशाचे २ अंक आले. ०० व ०१ अमेरिकेचे, ९९ ब्रिटनचे.

एवढें जुळलें तरी मोजमाप चुकवूं नये, ब्रेकच्या बाबतींत तर मुळींच नाहीं. जीपच्या पुढील चाकांचे ब्रेक-सिलिंडर १ इंच व्यासाचे, मागील पाऊण इंचाचे. गंजलेला अंक भलताच वाचून त्यांची अदलाबदल झाली, तर पुढल्या-मागल्या ब्रेकांचा तोल बिघडतो, आणि हें कळतें तें उतारावर. कोठाराचा अंक पुष्कळदां वस्तूवर नसून वेष्टणावरच छापलेला असतो. म्हणून भाग गाडींत बसेपर्यंत तें मळकट वेष्टण फेकूं नये, दोऱ्यानें त्यालाच बांधून ठेवावें.