पाळी, रांग आणि नेटवर्कचा स्विच



भाषेच्या व्यासपीठावर नेटवर्कच्या स्विचविषयी बोलायला उभा आहे, याचे नवल वाटेल. पण स्विच मला कळला तो भाषेमुळेच.

आमच्या विभागाने जुनी मराठी मासिके स्कॅन करून बाहेरच्या सर्व्हरवर साठवायला घेतली. त्याच दिवसांत निपाणीकडच्या खेड्यांतल्या मुलांसाठी मी संध्याकाळी ऑनलाइन तास घेत असे. ‘सर, अर्धंच वाक्य ऐकू येतंय,’ अशी तक्रार सुरू झाली. मी लाइनला दोष देत राहिलो. प्रयोगशाळेतल्या तंत्रज्ञाने पाहिले, तर चोर घरचाच निघाला. बाहेर जाणारी वाट आमच्याच मासिकांनी अडवली होती!

लाइनवरून बाहेर सेकंदाला 20 मेगाबिट जाऊ शकत. आवाजाला 100 किलोबिटही पुष्कळ होतात. मात्र त्याला उशीर सोसत नाही. एका दिशेने 150 मिलिसेकंदांच्या आत पोचला तर संभाषण सुरळीत चालते. मासिकाचे पान दहा सेकंद उशिरा गेले तरी काय बिघडते?

तंत्रज्ञाने आवाजाच्या पॅकेटांवर 46 हा अंक घातला. 0 ते 63 यांतला हा अंक पाहून स्विच ते पॅकेट कोणत्या रांगेत लावायचे हे ठरवतो. तरीही आवाज तुटतच होता. कारण आमचा स्विच लाइनपेक्षा कितीतरी वेगवान. त्याच्याकडे रांग लागतच नव्हती. ती लागत होती पुढे, सेवा देणाऱ्याच्या यंत्रात, आणि तिथे आमचा 46 कोणी विचारात घेत नव्हते. मग त्याने स्विचची बाहेर जाणारी गती 18 वर आणली. रांग आमच्या बांधाच्या आत आली आणि पाळी ठरवणे आमच्या हातात आले.

याला इंग्रजीत ‘ट्रॅफिक शेपिंग’ म्हणतात. मी वहीत ‘वाहतूक-आकारण’ असा शब्द टिपला होता. तो वाचून तंत्रज्ञ हसला. ‘सर, उसाला पाणी पाजताना दारं धरतो न्हवं? तसंच हे.’ जास्तीचे पाणी थोपवून पाळीने सोडायचे, ते शेपिंग. जास्तीचे सरळ सांडून द्यायचे, ते पोलिसिंग. माझ्या शब्दातून हा फरक कधीच कळला नसता. शिवाय ‘पाळी’ कानडीतही आहे, त्यामुळे शेजारच्या टेबलावरच्या कानडी सहकाऱ्यालाही वेगळे समजवावे लागले नाही. (माझ्या वयाच्या मंडळींना ट्रंक कॉलचे साधा, अर्जंट आणि लाइटनिंग हे प्रकार आठवत असतील. रांग तीच, पाळी वेगळी.)

एक चूक मात्र माझ्या हट्टामुळे झाली. माझ्या खोलीतून जाणारे सगळेच, चित्रासकट, सर्वांत पुढच्या रांगेत घालायला मी लावले. त्या संध्याकाळी कार्यालयातून परीक्षेचे अर्ज जाईनात. पुढची रांग रिकामी झाल्याशिवाय मागच्यांची पाळी येतच नव्हती. आता पुढच्या रांगेत फक्त आवाज आहे. चित्र, अर्ज आणि मासिके यांना ठरावीक वाटे दिले आहेत. रात्री दहानंतर, कोणी बोलत नसले की, सगळे 18 मेगाबिट मासिकांना मिळतात.