मनोरा आणि वृत्ती



मुंबईच्या ओव्हल मैदानापाशी उभा असलेला राजाबाई मनोरा आपल्यापैकी अनेकांनी पाहिला आहे. १८६४ साली प्रेमचंद रायचंद यांनी मुंबई विद्यापीठास ग्रंथालयासाठी दोन लाख आणि या मनोऱ्यासाठी आणखी दोन लाख रुपये दिले. मनोऱ्यास त्यांच्या मातोश्रींचे नाव मिळाले. पैसा आला होता कापसाच्या तेजीतून. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे भाव भडकले होते. पिकवणारा निराळा आणि गबर होणारा निराळा, हे तेव्हाही होतेच.

याच दात्याने १८६६ साली कलकत्ता विद्यापीठासही दोन लाख रुपये दिले. तेथे मनोरा उभा राहिला नाही, विद्वानांसाठी वृत्ती सुरू झाली. ती मिळवणाऱ्यांत आशुतोष मुखर्जी होते, जदुनाथ सरकार होते. शिवाजी महाराजांवर १९१९ साली इंग्रजी ग्रंथ लिहिणारे ते हेच जदुनाथ. त्यांच्या मतांशी महाराष्ट्राने कडाडून वाद घातला. पण वाद घालण्याजोगे काही निपजले ते अशा वृत्त्यांवर पोसलेल्या विद्वत्तेतून.

मग दात्यांचा ओढा इमारतींकडेच का? इमारत ठरल्या खर्चात उरकते, तिच्यावर नाव कोरता येते. संशोधक दहा वर्षे खपून आपले गृहीतक चुकले असे सांगू शकतो, किंवा देणगीदाराच्याच कारखान्यातील मजुरीचा हिशेब मांडू शकतो. इमारत कोणाविरुद्ध प्रबंध लिहीत नाही!

मात्र सारा दोष दात्याच्या हौसेवर टाकणे सोपे आहे. विद्यापीठेही इमारतच मागतात; तीत निविदा असते, कंत्राट असते, मंत्र्यांच्या हस्ते उद्घाटन असते. पुढची डागडुजी, वीज, पहारा यांचा भार मात्र विद्यापीठाच्या, म्हणजे जनतेच्या तिजोरीवर पडतो. दात्याने कराची सवलत घेतली असेल, तर मूळ देणगीतही जनतेचा वाटा असतो. नाव तेवढे एकाचे.

दुसरी वाट अशक्य नव्हती. १९१२ साली तारकनाथ पालित या वकिलाने कलकत्ता विद्यापीठास दिलेल्या देणगीतून अध्यासने निर्माण झाली. त्यांतील पदार्थविज्ञानाच्या अध्यासनावर १९१७ साली चंद्रशेखर वेंकट रामन आले. एरवी ते सरकारी हिशेब खात्यात नोकरी करीत होते.

महाराष्ट्रात २०२३ साली बार्टीच्या संशोधक विद्यार्थ्यांना अधिछात्रवृत्तीसाठी आझाद मैदानावर धरणे धरावे लागले. राजाबाई मनोरा तेथून फार दूर नाही. विद्यापीठांच्या अधिसभांत निवडून गेलेल्या आपल्या सदस्यांनी यापुढे प्रत्येक मोठ्या देणगीच्या वेळी दोन प्रश्न विचारावेत: या वास्तूचा वार्षिक खर्च कोण सोसणार, आणि रकमेचा कोणता हिस्सा संशोधनवृत्त्यांच्या कायम निधीत जाणार?